तोंडावरचा हात

इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या बस स्टॉपजवळ, परत ऊस उभा राहिलाय. काळा, जाड, वरच्या पानांसकट. भिंतीला टेकवून ठेवलेला, शेजारी ओल्या हळदीची रोपं आणि मातीची मडकी. पोंगल चार दिवसांवर आलाय, म्हणजे आपली संक्रांत. लोक येतात, दोन-दोन ऊस घेतात, स्कूटरवर आडवे धरून नेतात. मागून येणाऱ्याच्या डोळ्यात पानं जातील ह्याची कुणाला फिकीर नसते. पोरं खुशीत असतात. मला मात्र ऊस दिसला की आधी राग येतो. तोंडाला पाणी सुटतं ते मागून.

कुणाचा राग, असं विचारलं तर एक नाव नाही सांगता येणार. पुष्कळ जण आहेत. काही मेले, काही आहेत. त्यात मी पण आहे.

बावीस वर्षं मी ऊस तोडलाय. दसरा झाला की गाव सोडायचं, परमुलखात पाचटाची कोपी बांधायची, आणि उन्हाळा लागेपर्यंत त्या कोपीत राहायचं. नवरा कोयत्यानं तोडायचा, मी पानं साळायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायची. उसाचं पान सुरीसारखं असतं. हाताला, गालाला, कानाच्या पाळीला बारीक चिरा पडायच्या आणि घाम त्यात जायचा. इथल्या लोकांना ऊस म्हणजे सण. बायका दारात रांगोळी काढतात आणि दोन बाजूंना ऊस बांधतात, छान दिसतं. मी गॅलरीतून बघते आणि माझ्या कानाची पाळी चुरचुरायला लागते.

माझे वरचे दात पुढे होते. जन्माचेच. ओठ मिटायचे नाहीत. लहानपणी आमच्या आळीत मला कुणी नावानं हाक मारली नाही. लग्न झालं तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं, "चारचौघांत हसत जाऊ नकोस. हसायचंच असलं तर पदर घे तोंडाला." ती काही खाष्ट नव्हती. भाकरी पोटभर द्यायची, बाळंतपणात तिनं माझं केलं. पण हे तिनं जे सांगितलं ते मी चाळीस वर्षं पाळलं. हसू आलं की हात वर जायचा. पुढं पुढं हसू यायच्या आधीच हात वर जायला लागला. आणि मग हसू यायचंच बंद झालं, नुसता हात जायचा.

फडावर मुकादम "ए दाताळे" म्हणून हाक मारायचा. मी "जी" म्हणायची. एकदा फळी ओली होती, डोक्यावर मोळी, पाय सटकला. तोंडावर पडले, दातावर उसाचं बूड लागलं. पुढचा एक दात मुळापासून हलला, दुसऱ्या दिवशी पडला. तोंड सुजलं होतं, फडकं बांधून कामाला गेले. मुकादमानं बघितलं आणि म्हणाला, "एक कमी झाला, आता जरा बरी दिसती." सगळे हसले. नवरा पण हसला. आणि मी काय केलं? मी पण हसले. हात तोंडावर ठेवून हसले. आज चाळीस वर्षांनी मला त्या मुकादमाचा येतो त्याच्यापेक्षा जास्त राग त्या हसण्याचा येतो.

तर असे माझे दात. आणि तेच दात माझ्या नातीला आले.

माझा मुलगा संपत अंबत्तूरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सून वैशाली संगणकाच्या कंपनीत. मी नवरा गेल्यावर इथं आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. शर्वरी तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही तिला शरू म्हणतो. तिचे दुधाचे दात पडले आणि वरचे पक्के दात यायला लागले तेव्हा मी रोज तिच्या तोंडात बघायची. पहिला आला. तिरका. दुसरा आला, त्याच्याही पुढे.  त्या दिवशी भात करपला.

पाचवी-सहावीत असताना शाळेतून आली की गप्प बसायला लागली. वर्गातली पोरं तमिळमध्ये काहीतरी म्हणायची. मी विचारलं, "काय म्हणतात?" तर म्हणाली, "काही नाही आजी." आणि हसायचा प्रयत्न केला. हसताना तिचा हात वर गेला. डावा हात. माझाही डावाच जायचा. मी तिथून उठले आणि मोरीत जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती ती परत घासली.

त्याच आठवड्यात मी संपतला म्हटलं, "पोरीच्या दातांना तार लावून घे." तो म्हणाला, "बघू, घाई काय आहे, मोठी होऊ दे." मी म्हटलं, "मी मोठी झाले की. काय झालं?" दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्याची वेळ घेतली. मी त्याच्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

गावाकडून नणंदेचा फोन आला. "एवढ्याशा पोरीला तार कशाला? लग्नाच्या वेळी बघितलं असतं." म्हणजे नवरा बघायला येईपर्यंत पोरीनं तोंड झाकून बसायचं. मी फोन ठेवून दिला. परत दोन महिने केला नाही.

नुंगंबाक्कमच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तंजावूरकडची मराठी होती. तिचे लोक कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले. तिची मराठी ऐकली की माझ्या आजीची आजी बोलतेय असं वाटायचं, आणि मधेच तमिळ शब्द. मला ती "अक्का" म्हणायची, मोठी बहीण. तिनं शरूच्या दातांवर एकेक बारीक चौकोन चिकटवला, त्यातून तार ओवली आणि मग आम्हां सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले. कडक काही खायचं नाही. ऊस नाही, मुरुक्कू म्हणजे इथली चकली ती नाही, चिक्की नाही, बर्फ चावायचा नाही. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून. पेन्सिल चावायची नाही, नखं खायची नाहीत. खाल्लं की प्रत्येक वेळी ब्रश, आणि तारेच्या फटीत घालायला वेगळा इवलासा ब्रश. तार टोचली तर त्यावर मेणाची गोळी दाबायची. शाळेत बास्केटबॉल खेळते म्हटल्यावर दातांवर बसवायचं रबराचं कवच दिलं. "अक्का, चेंडू तोंडावर बसला तर तार ओठात घुसते," डॉक्टरीण म्हणाली. "एक दिवसही विसरू नका."

संपत अर्धं ऐकून फोनवर गेला. मी सगळं ऐकलं. मला लिहिता येत नाही फारसं, चौथीतून शाळा सुटली. पण ऐकलेलं मी विसरत नाही.

पहिले चार दिवस पोरीला भात पण चावेना. मी दहीभात हातानं कुस्करून गाळणीतून काढल्यासारखा मऊ करून द्यायची. ती जेवताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण "काढून टाका" असं एकदा म्हणाली नाही. शाळेच्या दप्तरात मेणाची डबी, ब्रश, सगळं स्वतः ठेवायची. वाढदिवसाला मैत्रिणी चॉकलेट खायच्या, ही इडली खायची. दोन पोंगल गेले, तिनं उसाला तोंड लावलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची सरोजाम्मा गच्चीवर पोंगलची चूल मांडते, सगळ्या पोरांना ऊस वाटते. तिनं शरूला म्हणावं, "एवढंसंच गं, काही होत नाही." आणि हिनं मान हलवावी. सरोजाम्मा मला तमिळमध्ये म्हणाली, "तुमची नात म्हणजे म्हातारी आहे." मी म्हटलं, "म्हातारी मी आहे. ती शहाणी आहे."

तेरा वर्षांची पोर. तिचा निग्रह बघून मला माझी लाज वाटायची.

आणि तार निघाली. मागच्या वर्षी, पोंगलच्या तीन आठवडे आधी. ती घरी आली, दारातच उभी राहिली आणि हसली. सगळे दात एका रांगेत. मी बघत होते दातांकडे नाही, तिच्या हाताकडे. हात खाली होता. दप्तराचा पट्टा धरून.

तार निघाली म्हणजे काम संपलं नाही, असं डॉक्टरिणीनं बजावलं होतं. दात मूळ जागेकडे जायला बघतात. म्हणून तिनं काचेसारखी पारदर्शक, पातळ अशी दातांची खोळ करून दिली. ती त्याला रिटेनर म्हणायची, आम्ही प्लेट. दिवसरात्र घालायची, फक्त खाताना काढायची, निळ्या डबीत ठेवायची. धुवायची गार पाण्यानं.

गार पाण्यानं. हे सांगितलं तेव्हा मी तिथं नव्हते. त्या दिवशी माझा गुडघा सुजला होता.

आता माझी गोष्ट सांगते, ती कुणाला सांगत नाही मी. संपतच्या आधी मला एक मुलगी होती. फडावर, कोपीत, दीड वर्षांची झाली होती. कालव्याचं पाणी प्यायचो आम्ही. तिला जुलाब लागले, दोन दिवसांत गेली. तिसऱ्या दिवशी मी मोळ्या वाहिल्या. एवढंच. तेव्हापासून मी सगळं उकळते. पिण्याचं पाणी, दूध, चमचे, वाट्या, संपतचा कंगवा, शरूची बाटली, बाटलीचं झाकण. वैशाली हसते, "आई, फिल्टर आहे आपल्याकडे." मी म्हणते, असू दे.

पोंगलच्या दिवशी वैशाली घरी नव्हती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून बार्शीला गेली होती. गच्चीवर सरोजाम्माची चूल पेटली होती. शरूनं दोन वर्षांत पहिल्यांदा ऊस खायचा म्हणून प्लेट काढली, डबीत ठेवली आणि पळत वर गेली. मी डबी उघडून बघितली. प्लेटवर थुंकी, कडेला पांढरं काहीतरी. पोरीच्या तोंडात जायची वस्तू. मी पातेल्यात पाणी ठेवलं, आधण आल्यावर प्लेट सोडली. वर गच्चीवर भांडं उतू गेलं असावं, ते शुभ मानतात इथं, सगळे "पोंगलो पोंगल" ओरडले. मी खाली पातेल्यात बघत होते. प्लेट कडेनं वळली. मग आकसली. सुकलेल्या पानासारखी.

मी चिमट्यानं काढली, गार पाण्यात धरली, बोटांनी सरळ करायला बघितली. झाली नाही. पुसली आणि डबीत ठेवून झाकण लावलं. असं कुणी का करावं? मी केलं.

शरू खाली आली, तोंडाला उसाचा रस, प्लेट घालायला गेली तर बसेना. एका बाजूनं दाबली की दुसरी बाजू वर. संपतनं बघितलं. "काय केलंस? कुठं टाकली होतीस? उन्हात ठेवलीस गच्चीवर? खिशात घालून बसलीस?"

शरू ओट्याकडे बघत होती. पातेलं तिथंच होतं, चिमटा पण. तिनं बघितलं, मला बघितलं, आणि मान खाली घातली. "सॉरी बाबा."

"सॉरी? दोन वर्षं तुझी आई आणि मी शनिवार-शनिवार त्या दवाखान्यात बसलो. आणि तुला एक डबी सांभाळता येत नाही! आता जाऊ दे दात कुठं जायचे तिकडे. परीक्षा होईपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही. बास्केटबॉल पण बंद."

परीक्षा मार्चात. मी बोटांवर महिने मोजले. आणि गप्प बसले.

का गप्प बसले? मला विचारा. ह्या घरात माझं म्हणून एकच ठिकाण आहे, तो ओटा. बाकी सगळं इंग्रजीत चालतं, नाहीतर तमिळमध्ये. वाटलं, तो पण गेला तर मी उरते कुठं? म्हातारीला काही कळत नाही, तिला हात लावू देऊ नका, असं एकदा सुरू झालं की थांबत नाही. ही झाली सबब. खरं म्हणजे मला गप्प बसायची सवय होती. फडावर गप्प, सासरी गप्प, आणि आता लेकाच्या घरात, चूक माझी असताना, तेरा वर्षांच्या पोरीच्या मागे लपून गप्प.

दुपारी शरू माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "परवाइल्ल आजी." तमिळमध्ये, जाऊ दे म्हणतात तसं. "बाबा तुला ओरडले असते. मला काय, सवय आहे."

सवय आहे! मला वाटलं कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली.

तरी मी आठ दिवस काढले. खरं सांगते, आठ दिवस. वाकडी प्लेट ती जबरदस्तीनं दाबून घालून बघायची, हिरड्या लाल व्हायच्या, काढून ठेवायची. सातव्या दिवशी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हा दात थोडा बाहेर आला का?" मला दिसत नव्हतं, माझे डोळे कसले. आठव्या दिवशी सरोजाम्मा काहीतरी गमतीचं बोलली जिन्यात. शरू हसली. आणि तिचा डावा हात वर गेला.

मी त्याच पावली घरात गेले. संपत बूट घालत होता, कारखान्याची गाडी खाली आली होती.

"संपत, प्लेट मी उकळली."

"काय?"

"पोरीनं काही केलं नाही. मी पातेल्यात घालून उकळली. तिला माहीत होतं, तिनं माझं नाव घेतलं नाही. आणि मी तिला ओरडा खाऊ दिला."

त्याचा चेहरा लाल झाला. "आई, अगं सांगायचं नाही का! आठ दिवस? मी तिला काय काय बोललो..."

"बोललास. विचारलं नाहीस. तिनं दोन वर्षं एक दाणा कडक खाल्ला नाही, हे तुला दिसलं नाही? डबी एका मिनिटात दिसली?" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "तुझा बाप पण हसला होता, मुकादम बोलला तेव्हा. मी काही म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं. तेव्हा म्हटलं नाही म्हणून आता म्हणते. राग माझ्यावर काढ, पण आज पोरीला दवाखान्यात ने. नाहीतर मी नेते."

"आई, आज ऑडिट आहे, शनिवारी..."

"मी नेते."

खाली गाडीनं हॉर्न दिला. तो गेला. जाताना शरूच्या खोलीच्या दारात एक मिनिट उभा राहिला, काहीतरी बोलला. काय ते मी ऐकलं नाही, आणि विचारलं पण नाही.

मी दहा वर्षांत एकटी नुंगंबाक्कमला गेले नव्हते. शरूला शाळेतून अर्ध्या दिवसात काढलं. बसमध्ये उभं राहून गेलो, मधे बस बदलली. माझा गुडघा ठणकत होता आणि शरू मला धरून उभी, जशी काय मीच पेशंट.

डॉक्टरिणीनं प्लेट बघितली आणि कपाळाला हात लावला. "अक्का, ऊन पाण्यात घातली की काय?"

मी सांगायला लागले. मुलीचं सांगितलं, कालव्याचं पाणी सांगितलं, सगळं उकळते ते सांगितलं. मला वाटतं मी लई बोलले. शरूला त्यातलं काही माहीत नव्हतं. बोलता बोलता शरूनं माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. तेव्हा मला कळलं, माझा हात तोंडावर होता. मी तोंड झाकून बोलत होते आणि डॉक्टरिणीला अर्धं ऐकूच आलं नव्हतं.

"पुन्हा सांगा अक्का," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. हात शरूनं सोडला नाही.

दात थोडा सरकला होता, फार नाही. डॉक्टरीण म्हणाली, अजून महिनाभर उशीर केला असता तर परत तार लावायला लागली असती. तिनं नवा साचा घेतला, दोन दिवसांत नवी प्लेट दिली. ती आणायला संपत गेला, अर्धी रजा टाकून. वैशालीला फोनवर कळलं तेव्हा ती आधी माझ्यावर चिडली, मग संपतवर, आणि मग रडली. बास्केटबॉल परत सुरू झालं.

हे सगळं झालं त्याला वर्ष झालं. लोक म्हणतील, मग आता राग कसला? गोड झालं ना शेवटी. माझा राग काही गेला नाही. मला तो जायला नकोच आहे. तो इतकी वर्षं पदराखाली होता, आता कुठं बाहेर यायला लागलाय. ज्या बाईनं मला हसू नको म्हटलं तिला मी विचारू शकत नाही, मुकादम कुठं मेला ते माहीत नाही, नवऱ्याच्या फोटोला मी रोज फूल घालते. मग राग कुणावर काढायचा? शिव्या देण्यात काही अर्थ नाही. कुणी माझ्या नातीच्या दातांबद्दल एक शब्द बोललं, कुणी म्हटलं की पोरीच्या जातीला एवढे लाड कशाला, की मी तिथंच बोलते. नणंदेला बोलले. शाळेतल्या बाईंना बोलले, मोडक्या तमिळमध्ये. लोकांना वाटतं म्हातारी चिडचिडी झाली. झाले तर झाले.

काल मी स्टॉपवरनं दोन ऊस आणले. खांद्यावर घेऊन. ऊसवाला म्हणाला, पाट्टी, म्हणजे आजी, मी आणून देतो. मी म्हटलं, ह्याचं वजन मला माहीत आहे. घरी येऊन कोयती काढली, शेंडा आणि बूड उडवलं, पेरं पाडली. हाताला अजून जमतं. शरू बाजूला उभी राहून बघत होती. तिनं प्लेट काढली, निळ्या डबीत ठेवली आणि डबी फ्रीजवर, माझा हात पुरणार नाही अशी. डबीवर कागद चिकटवलाय. तिला मराठी लिहायची सवय नाही, वाकडंतिकडं अक्षर आहे: आजी, गार पाणी.

मला राग आला. मग हसू आलं.

सगळे बसून ऊस खात होते. संपत सोलून देत होता, शरू कचाकचा चावत होती आणि मैत्रिणीची काहीतरी गंमत सांगून स्वतःच खिदळत होती, तोंड उघडं टाकून, उसाच्या चोथ्यासकट. मी एक पेर घेतलं. माझे पुढचे उरलेत चार, दाढा तीन. एका बाजूनं धरलं आणि दाबलं. रस सुटला, हनुवटीवरून गळ्यावर, पातळावर. मी पण हसत होते.

संपत म्हणाला, "आई, रस गळतोय सगळा. पदर धर तोंडाला."

"गळू दे," मी म्हटलं.